डाव्या हाताची गाठ

दांडी, २२ नोव्हेंबर १९६४

प्रिय शमीम,

तुझं पत्र पोचलं, पण सरळ पोचलं नाही. 'जमना मासेवाली, दांडी, तारापूरजवळ, हिंदुस्थान' एवढाच पत्ता. आमच्या गावात जमना पुष्कळ, आणि मासेवाली तर घरोघरी. तारापूरचे पोस्टमास्तर कृष्णकांत यांनी कराचीचा शिक्का बघून पाकीट आधी स्वतःच उलटंसुलटं केलं आणि मग आठवडाभर गावात फिरवलं. शेवटी 'खतिजाबी' हे नाव ऐकून आईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "ते माजं हाय."

आईला वाचता येत नाही, म्हणून वाचलं मी आणि उत्तरही मीच लिहितेय. मी सुगंधा, तिची धाकटी मुलगी. तुझ्यासारखीच दहावीत. तू सांगतेस आणि तुझी दादी मराठीत लिहिते, हे कळल्यावर आई पोट धरून हसली. नवी नवरी असताना ती तारापूरला तुमच्या दारी मासे विकायला यायची. म्हणाली, "खतिजाबी भाव पाडायला बसली का उठायची नाय. पन आदी पानी पाजायची, मंग भांडायची." दादींना तिचा सलाम सांग.

तू विचारलेली तुमच्या तारापूरच्या दारातली चिंच अजून आहे. तुमच्या घरात आता कराचीहून आलेलं सिंधी कुटुंब राहतं. मी झाडाकडे बघत उभी राहिले तर त्यांची म्हातारी बाहेर आली. तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तर म्हणते, कराचीत आमच्या दारात कडुनिंब होता, तो आहे का ते विचार. पत्ता मागे लिहिलाय. तेव्हा आता तूही ऊन डोक्यावर घे आणि जाऊन बघून ये.

तू विचारलंस, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आम्ही कसे असतो. खरं सांगू? फार चांगले नसता. आमचे गुरुजी सांगतात की फाळणी तुमच्या हट्टामुळे झाली. तुझ्या बाई सांगतात, आमच्यामुळे. दोघांना एका होडीत बसवून खाडीत सोडलं पाहिजे, वल्हं एकच द्यायचं.

शेवटी तू स्वतःच्या हातानं 'शमीम' लिहिलंयस ते वाचता आलं. अक्षरं वाळूतून खेकडे पळाल्यासारखी आहेत, पण पळताहेत बरोबर दिशेनं. दादींकडून शिकत राहा.

तुझी,
सुगंधा


दांडी, ६ जून १९६५

प्रिय शमीम,

कडुनिंब तोडला हे म्हातारीला सांगितलं नाही. मोठा झालाय असं सांगितलं. तुला राग आला तर येऊ दे.

कच्छमध्ये गोळीबार झाला तेव्हा वर्गातल्या मुली मला म्हणाल्या, आता तुझी मैत्रीण आपल्यावर गोळ्या झाडणार. मी म्हटलं, तिला सुईत दोरा ओवता येत नाही, बंदूक कुठली धरते. रागावू नकोस, तूच लिहिलं होतंस.

घरची बातमी अशी की जिवली वहिनीला दिवस गेलेत. माझा भाऊ देवूदादा तेव्हापासून जमिनीवर चालत नाही. आमच्या होडीचा तळ कुजलाय आणि दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून नारळी पौर्णिमा झाली की तो पोरबंदरला एका मालवाहू मचव्यावर खलाशी म्हणून जाणार आहे. आईला ते पसंत नाही. रोज सकाळी जाळं विणायला दोघं समोरासमोर बसतात आणि भांडतात. दादा डावखुरा आहे. त्याची गाठ उलट्या बाजूला वळते, त्यामुळे त्यानं विणलेला भाग आईच्या भागाला जोडला की जाळं एका अंगाला ओढतं. "उजव्या हातानं विन," आई म्हणते. "मासा काय गाठ बगून शिरतो काय?" दादा म्हणतो. लहानपणापासून हेच ऐकतेय.

दादींनी खाडीवरच्या पिराचा उरूस भरतो का, असं विचारलं. भरतो, आणि आमचं अख्खं गाव जातं. तू चकित झालीस की हिंदू असून तुम्ही तावीज कसा घालता. अगं, पिराचा तावीज गळ्यात घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी होडीत पाय ठेवत नाही. तांब्याची चपटी डबी, तिच्यावर तारापूरच्या सोनारानं ठोकलेला मासा, आणि ओवायला जाळ्याचं सूत. बाबांच्या गळ्यात आहे, दादाच्याही आहे. मी बाबांना तुझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "देव जास्त झाले म्हनून होडी बुडत नाय."

तुझा भाऊ युनूसही मासेमारीला जातो हे आम्हाला नवीनच. म्हणजे तोही दादासारखाच घरी आला की झोपतो आणि मग जेवायला ओरडतो का?

तुझी,
सुगंधा


दांडी, १२ सप्टेंबर १९६५

शमीम,

हे पत्र तुला मिळणार नाही. कृष्णकांत मास्तर म्हणाले, तिकडचं टपाल बंद. तरी लिहितेय, कारण सांगायला दुसरं कोणी नाही आणि भांडायलाही नाही.

देवूदादाचा पत्ता नाही. त्याचा मचवा पोरबंदरहून ओख्याकडे निघाला, रात्रीत वारा उठला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्वारकेवर तुमच्या जहाजांनी तोफा डागल्या. मचवा ना पोरबंदरला परतला, ना ओख्याला लागला. एवढं एका तारेत कळलं. पुढचं काहीच नाही.

इथे काळोख पाळायचाय. खिडक्यांना कागद चिकटवलेत. होड्या ओढून ठेवल्यात, किनाऱ्यावर चूल पेटवायचीही बंदी. पलीकडे अणुवीज केंद्राचं काम चाललंय, त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच लक्ष. एका फौजदाराची जीप आली आणि तुझी सगळी पत्रं मागितली. ते ओट्यावर बसून वाचत होते आणि आई दारात उभी होती. वाचून झाल्यावर परत दिली. म्हणाले, "चिंच, कडुनिंब आणि मासळीचा भाव. एवढ्यासाठी मला बोईसरहून आणलं?" गावातल्या काहींना मात्र वाईट वाटलं की माझ्याकडे काही सापडलं नाही.

आमचा रेडिओ सांगतो, आम्ही जिंकतोय. तुझा काय सांगत असेल ते मला माहीत आहे. दोन्ही रेडिओ एका खोलीत लावले तर कोण हरतंय ते देवालाही कळणार नाही.

शमीम, आज मला तुझा राग आलाय. तोफा तू डागल्या नाहीस हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. तरी राग येतो. वहिनी उंबऱ्यात बसून असते, तिचं पोट दिसायला लागलंय, आणि तुझं नाव निघालं की आत निघून जाते. मी तिला काय सांगू?

सुगंधा


दांडी, १७ ऑक्टोबर १९६५

शमीम,

हेही पत्र आधीच्याच्या खाली ठेवणार आहे.

लढाई थांबल्यावर बाबा गाडीनं पोरबंदरला गेले. तिथल्या एका तांडेलाच्या होडीतून, किनारा धरून, ओख्याच्या पलीकडेपर्यंत शोधलं. पाच दिवसांपूर्वी परत आले. बोईसर स्टेशनवर त्यांना आणायला मी आणि वहिनी गेलो होतो. ते डब्यातून उतरले ते मिशी उतरवलेले. वहिनी तिथेच मटकन खाली बसली. बाबा घाईघाईनं म्हणाले, "देवू नाय. देवू नाय गो पोरी. दुसरा कोन होता."

एका वाळूच्या पट्ट्यावर त्यांना एक माणूस सापडला. फार दिवस पाण्यात राहिलेला, चेहरा उरला नव्हता. लांबून त्यांना दादाच वाटला. जवळ गेल्यावर उंचीवरून कळलं, हा नाही. पण गळ्यात तावीज होता. तांब्याची डबी, तिच्यावर मासा. आमच्या पिराचा, आमच्या सोनाराच्या हातचा. बाबांबरोबरचा तांडेल म्हणाला, सरकारात कळवू आणि निघू. बाबांनी ऐकलं नाही. "आपल्याच बंदरचा पोर हाय. वाळूत टाकून जाऊ?"

आमच्यात रीत अशी की समुद्रातून आलेलं प्रेत ज्याच्या हाताला लागेल तो त्याचा बाप. अग्नी त्यानंच द्यायचा आणि सुतकही त्याच्याच घरी. बाबांनी वाहत आलेली लाकडं गोळा केली, फुटक्या होडीच्या फळ्या घेतल्या आणि तिथेच किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला. मिशी उतरवली. राख समुद्रात सोडली. आम्हीही आता घरात सुतक पाळतोय, नाव माहीत नसलेल्या माणसाचं.

तावीज बाबांनी आणलाय. दांडी, नवापूर, सातपाटी, सगळीकडे दाखवला. कुणाच्याच घरचा माणूस कमी नाही. डबीचा एक कोपरा चेपलेला आहे. आईनं ती देवापुढे ठेवलीय, आणि म्हणते, ज्याची असंल तो येईल मागायला.

आणखी एक रीत सांगते, कारण ती आता आमच्या घरापर्यंत आलीय. समुद्रात गेलेल्या माणसाची वाट पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत बघायची. तोवर त्याची बायको सवाष्ण. पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी काही खबर आली नसेल तर गावच्या बायका तिला किनाऱ्यावर नेतात आणि तिथेच बांगड्या फोडतात. वहिनी एकोणीस वर्षांची आहे.

सुगंधा


दांडी, २७ मार्च १९६६

प्रिय शमीम,

टपाल सुरू झालं आणि पहिल्याच थैलीत तुझं पत्र आलं. मास्तर ते हातात उंच धरूनच आले.

तू लिहिलंस की सप्टेंबरच्या त्या वाऱ्यात युनूसची होडी फुटली. बाकीचे पोहत निघाले, तो दिसला नाही, आणि तुम्हाला वाटतं की आमच्या नौदलानं किंवा एखाद्या होडीनं त्याला उचललं असेल आणि तो इथल्या कुठल्यातरी तुरुंगात असेल. तू त्याचं वर्णन केलंयस. उंची, केस, आणि गळ्यात काय होतं तेही. तारापूर सोडताना दादींनी बरोबर नेलेला, आणि लहानपणी त्यानं चावून कोपरा दाबलेला.

ते सगळं मी वाचलं. आईला वाचून दाखवताना मधेच मला खोकला आला.

मी चौकशी करीन. पालघरच्या कचेरीत दादाच्या नावाचा अर्ज दिलाय, तिथे युनूसचंही विचारीन. तूही दादासाठी विचार, एवढं मागते. देवू दामू, राहणार दांडी. उंच, डाव्या हातानं सगळं करतो. बहुतेक आपले दोघेही एकाच वाऱ्यात सापडले.

लढाईच्या दिवसांत लिहिलेली पत्रं सोबत पाठवतेय. त्यातलं रागाचं वाचून राग मानू नकोस. एक पत्र मागे ठेवलं आहे, त्याच्यावर रॉकेल सांडलं.

जानेवारीत वहिनीला मुलगा झाला. नाव ठेवलेलं नाही, बाप आल्यावर ठेवू म्हणते. सगळे त्याला बाळ्याच म्हणतात. त्याला दृष्ट लागू नये म्हणून वहिनीनं देवापुढची एक डबी त्याच्या गळ्यात बांधलीय. बाकी ठीक.

तुझी,
सुगंधा


दांडी, १५ मे १९६६

प्रिय शमीम,

तुझ्या मामूंना माझा सलाम. ते तुरुंगात भाजी पोचवतात आणि तिथे काही हिंदी मच्छीमार ठेवलेत, हे वाचल्यापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. मामूंना कैद्यांशी बोलता येत नाही आणि दप्तरात नावं भलतीच लागलीत, हेही समजलं. दामूचा देवू तिथे काय झाला असेल कुणास ठाऊक.

पण तू लिहिलंस की कैदी सुतळीच्या पिशव्या विणतात आणि त्या बाहेर विकायला येतात. ते ऐकून आई उठून उभी राहिली. जुन्या जाळ्याचे दोन तुकडे तिनं कापून दिलेत, ते सोबत आहेत. लाल दोऱ्याचा आईच्या हातचा, उजव्या हाताचा. दुसरा दादाचा. दोन्ही गाठी नखानं चाचपून बघ, शेपटी कुठे वळते ते कळेल. पिशव्यांमध्ये अशी उलटी गाठ दिसली तर तेवढा तुकडा पाठव. पत्र उघडणाऱ्या साहेबांना नमस्कार, हे खरंच जाळंच आहे.

पालघरला गेले होते. कारकुनानं अर्ज शोधला, तो मिळाला, आणि तो परत ठेवला. तेवढंच काम झालं.

युनूसबद्दल तू पुन्हा विचारलंस. अजून काही कळलं नाही.

तू किती भराभर शिकलीस. मागच्या पत्रातली अर्धी पानं तुझ्याच हातची होती. खेकडे आता रांगेत चालतात.

सुगंधा


दांडी, १० जुलै १९६६

शमीम,

हे मोठ्या अक्षरात लिहिते. सोपे शब्द लिहिते. हे दादींना देऊ नकोस. आधी तू एकटीनं वाच.

युनूस गेला.

त्याला कोणी मारलं नाही. तो बुडाला. माझ्या बाबांना तो वाळूवर सापडला. ओख्याच्या पलीकडे. मागच्या वर्षी. त्याच्या गळ्यात तावीज होता. कोपरा चावलेला. तो आमच्या घरी आहे.

बाबांना वाटलं, हा तारापूरकडचा आहे. आमच्यातलाच आहे. आमच्याकडे सगळे तो तावीज घालतात, हे तुला माहीत आहे. म्हणून बाबांनी त्याला अग्नी दिला. तुमच्यात पुरतात. बाबांना माहीत नव्हतं. शमीम, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

रॉकेल सांडलं म्हणून मागे ठेवलेलं पत्र याचंच होतं. रॉकेल सांडलं नव्हतं. ते पत्र सोबत आहे. त्यात सगळं आहे. आता तुला वाचता येईल.

मार्चपासून मला ठाऊक होतं. मला भीती वाटली. तुला कळलं की तू दादाला शोधणं सोडशील. मी रोज स्वतःला सांगायचे, पौर्णिमा झाली की सांगू. पण तुझं मागचं पत्र आलं. तुझे अब्बा दुकान विकून युनूसला शोधायला लाहोरला जाणार, तिथून वाघ्याच्या सरहद्दीवर जाणार, हे त्यात होतं. ते मी आईला वाचून दाखवलं. मग मला पुढे वाचता येईना. मी आईला सगळं सांगितलं.

आईनं मला मारलं नाही. ती बाळ्याच्या गळ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "लिही तिला."

मी म्हटलं, "आन् मंग त्यांनी देवूला शोधलंच नाय तर?"

ती म्हणाली, "तर नाय शोधलं. त्यांचा पोर आपल्या घरात लपवून आपला पोर मागायचा व्हय?"

वहिनी तिथेच होती. तिच्या बांगड्यांचा प्रश्न आहे. तिनं ऐकलं आणि मला दौत आणून दिली.

बाबा काल पिराच्या मुजावरांकडे गेले. सगळं सांगितलं. मुजावर म्हणाले, तुला ठाऊक नव्हतं, तू बाप म्हणून केलंस. त्यांनी युनूससाठी फातेहा पढला. बाबा पूर्ण वेळ उभे होते.

अब्बांना लाहोरला जाऊ देऊ नकोस. दुकान विकू देऊ नकोस.

तावीज पाठवू का ते कळव. काहीच कळवलं नाहीस तरी मला समजेल.

सुगंधा


दांडी, २ सप्टेंबर १९६६

प्रिय शमीम,

तू लिहिलंस तसं मामूंच्या पत्त्यावर लिहितेय, आणि एकदाच. अब्बांनी माझी पत्रं चुलीत घातली हे वाचून मला त्यांचा राग आला नाही. माझ्या भावाचं असं झालं असतं तर बाबांनी काय केलं असतं, ते मी सांगू शकत नाही.

माझ्या जुलैच्या पत्रानंतर बरेच दिवस तुझं काहीच आलं नाही. यंदा अधिक श्रावण होता, म्हणून पौर्णिमा महिनाभर पुढे गेली. गावातल्या बायका म्हणायच्या, जिवलीला देवानं महिना वाढवून दिला. वहिनी म्हणायची, वाढवून द्यायला ते काय उधारीचं आहे. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात धरून झोपायची.

पौर्णिमेला थोडेच दिवस उरले असताना मास्तर सायकलवरून आले. पाकीट जाड होतं. आत काय आहे ते त्यांच्या हाताला लागलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही आणि गेलेही नाहीत, अंगणात उभे राहिले.

सुतळीचा तळहाताएवढा तुकडा. मी तो आईच्या हातात ठेवला. तिनं बघितलाच नाही. डोळे मिटून अंगठ्यानं एकेक गाठ चाचपली. पहिली, दुसरी, मग सगळ्या, मग पुन्हा पहिली. आम्ही कोणी हललो नाही. बाळ्या मात्र चटईवर ओरडत होता.

"मेल्याला किती वेळा सांगितलं, उजव्या हातानं विन," आई म्हणाली आणि रडायला बसली.

बाबांनी तुकडा घेतला, उजेडात धरला, वहिनीला दिला. तिनं तो कमरेला खोचला. अजून तिथेच आहे, आंघोळीलासुद्धा काढत नाही. पौर्णिमेला ती सगळ्या बायकांच्या पुढे किनाऱ्यावर गेली, हातभर हिरव्या बांगड्या घालून. बाबांनी यंदा दोन नारळ सोडले. दुसरा कुणाचा, असं गावात एकानं विचारलं. बाबा म्हणाले, "माज्या पोराचा."

तुकड्याबरोबरची तुझी चिठ्ठी मी कितीदा वाचली असेल. सगळी तुझ्या हातची. एकही खेकडा नाही. तुझं पत्र दादींना तूच वाचून दाखवलंस. ऐकून त्यांनी विचारलं, 'कुणी केलं म्हणालीस? जमनाच्या नवऱ्यानं? मग त्याला एकट्याला टाकलं नव्हतं.' हे मी आईला वाचून दाखवलं. आईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, खतिजाबीला सांग, पाणी पाजायची ते मी विसरले नाय.

तू लिहिलंस की पत्र वाचल्यावर आधी तुला माझा राग आला, इतका की तू बाजारात जाणंच बंद केलंस. मग एके दिवशी मामूंबरोबर गेलीस, सगळ्या पिशव्या नखानं चाचपत बसलीस, आणि दुकानदार तुला वेडी म्हणाला. रागात असूनही गेलीस. शमीम, मी गेले असते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचा दादा सुटेल की नाही आणि कधी, ते दोन सरकारं जाणोत. पण तो आहे. मामूंना जमलं तर त्याच्यापर्यंत एवढंच पोचवायला सांग, मुलगा झाला, आणि नाव ठेवायचं राहिलंय.

तावीजाबद्दल तू लिहिलंस, 'देवूभाई घरी आले की त्यांच्या हातानं पाठव, तोवर बाळाच्या गळ्यात राहू दे.' तसंच करू. पण एक सांगायला हवं, म्हणजे पुढे तुम्ही आम्हाला दोष देणार नाही. बाळ्याला पहिला दात आलाय. दिवसभर डबी तोंडात असते. मी काढून घेतली की रडतो, परत दिली की फिरवून फिरवून तोच कोपरा शोधतो, तुझ्या भावानं चावलेला, आणि तिथेच चावत बसतो.

तुझी,
सुगंधा